कॅबिनेटशिवाय कॉम्प्युटर: फळीवर मदरबोर्ड बसवण्याची रीत

मदरबोर्डला चालायला कॅबिनेट लागत नाही. वीज, सीपीयूवर पंखा आणि दोन पिना क्षणभर जोडणारं काहीतरी, एवढ्यावर तो टेबलावर उघडा पडूनही सुरू होतो. मग पत्र्याची ती पेटी करते काय? बोर्ड आणि ग्राफिक कार्ड हलू देत नाही. सगळा धातू अर्थिंगला जोडून ठेवते. वाऱ्याला वाट देते. आणि पाल, झुरळ, चहाचा कप, पोरांचे हात बाहेर ठेवते. कॅबिनेट काढलं की ही चारही कामं तुमच्या गळ्यात पडतात. लोक काळजी करतात ती तिसऱ्याची, म्हणजे गरम होण्याची. बिघाड मात्र होतात ते बहुतेक पहिल्या आणि चौथ्यामुळे.

घरात रांगणारं मूल किंवा टेबलावर उड्या मारणारं मांजर असेल, तर पुढचं वाचून फक्त टेस्टिंगपुरतं वापरा. कायमचा उघडा सेट अशा घरासाठी नाही.

आधी खोक्यावर चालवून बघा

फळीला भोकं पाडण्याआधी सगळं चालतंय का ते पाहून घ्यावं. मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला तेच खोकं याला उत्तम. बोर्डखाली चंदेरी पिशवी मात्र ठेवू नका. स्थिर विजेपासून वाचवणारी म्हणून ती खाली अंथरायची सवय अनेकांना आहे, पण तिच्यात धातूचा पातळ थर असतो. बोर्ड चालू असताना मागचे सोल्डरचे टोकदार थेंब पिशवीला टोचत राहतात. तिचा रोध बराच असल्यामुळे दहातल्या नऊ वेळा काही होत नाही, म्हणूनच ही सवय सुटत नाही. पिशवी बोर्ड कपाटात ठेवण्यासाठी आहे.

खोक्यावर कमीत कमी गोष्टी जोडा: सीपीयू, त्याचा पंखा आणि रॅमची एकच पट्टी. चार स्लॉट असतील तर ती सीपीयूकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा. दुसरीकडे लावली तर पंखा फिरतो, तरी बोर्ड ‘फॅन एरर’ दाखवून अडून बसतो.

एसएमपीएसमधून (म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून) दोन जोडण्या हव्यात: २४ पिनांची मोठी, आणि सीपीयूजवळची ८ किंवा ४ पिनांची. दुसरी विसरली की पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. ही ८ पिनांची सीपीयूची केबल (४+४ अशी फुटते) आणि ग्राफिक कार्डाची (६+२ अशी फुटते) दिसायला जुळ्या बहिणी. जोर लावावा लागतोय म्हणजे चुकीची उचलली आहे. एसएमपीएस सुट्या केबलींचा असेल तर दुसऱ्या मॉडेलची केबल ‘बसतेय ना’ म्हणून वापरू नका. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क जागेवर संपते.

मॉनिटर बोर्डाच्या पोर्टला लावण्याआधी सीपीयूमध्ये ग्राफिक्स आहे का ते पाहा. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल, किंवा रायझन ५६०० सारखा ‘जी’ नसलेला जुना चिप असेल, तर बोर्डावरचा एचडीएमआय पोर्ट मुका असतो. ग्राफिक कार्ड लावावंच लागतं.

हात लावण्याआधी एक सवय: थ्री-पिन प्लग भिंतीत, पण भिंतीवरचं बटण बंद. आपल्याकडचं बटण फेज तोडतं, अर्थ जोडलेलाच राहतो. अशा वेळी एसएमपीएसच्या उघड्या पत्र्याला बोट लावलं की अंगातली स्थिर वीज निघून जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत, अंगात लोकरी स्वेटर असताना, हे चुकवू नका.

फळी

खोकं दोन दिवसांपुरतं ठीक. पुठ्ठा वाकतो, त्यावर ग्राफिक कार्ड डुलतं आणि बोर्डखालची हवा कोंडते. कायमच्या वापराला १२ मिमी जाडीचं प्लायवूड घ्या, वर सनमायका लावलेलं मिळालं तर पुसायला सोपं. एमडीएफ पावसाळ्यात फुगतं आणि स्क्रू सोडतं. ५ मिमी ॲक्रिलिक दिसतं छान, पण भोक पाडताना तडकतं. तेच हवं असेल तर दोन्ही बाजूंनी कागदी टेप चिकटवून ड्रिल सावकाश चालवा.

(हे काही आजचं खूळ नाही. गूगलने १९९९ साली आपले सर्व्हर असेच उघडे बांधले होते: एका ट्रेवर चार मदरबोर्ड, शॉर्ट होऊ नये म्हणून खाली कॉर्कचा, म्हणजे बुचाचा थर. त्यातलं एक रॅक अमेरिकेत माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवलं आहे.)

बोर्डांची मापं ठरलेली आहेत. एटीएक्स ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०. मायक्रो-एटीएक्ससाठी ४५० × ३०० मिमीची फळी पुरते: डावीकडे बोर्ड, मध्ये चार बोटं जागा, उजवीकडे एसएमपीएस कुशीवर उभा. पुढे उरणाऱ्या पाच-साडेपाच सेंटीमीटरच्या पट्टीत एसएसडी आणि बटण बसतं.

भोकांच्या खुणा मोजून करू नका. बोर्डच साचा म्हणून वापरा. फळीवर जाड कागद चिकटवा, त्यावर बोर्ड ठेवा आणि जुन्या पेनची रिफील प्रत्येक भोकातून खाली टेकवून ठिपका काढा. पट्टीने मोजलेल्या आठ भोकांत एखादं मिलीमीटरभर चुकतंच, आणि तेवढ्यासाठी बोर्ड ताणून बसवला तर तो कायमचा वाकलेला राहतो.

स्टँडऑफ म्हणजे बोर्ड उचलून धरणारे पितळी खांब. दोन्ही टोकांना आत आटे असलेले, एम-३ आट्याचे, १५ मिमी उंचीचे घ्या. ठिपक्यांवर ३.२ मिमीचं भोक पाडा, खालून एम-३ × २० मिमीचा चपट्या डोक्याचा स्क्रू घाला. त्याचं डोकं लाकडात बुडेल एवढी खळगी आधी मोठ्या बिटाने करून घ्या. १२ मिमी फळीतून ८ मिमी आटा वर येतो, त्यावर खांब फिरवून घट्ट करा. वरून बोर्ड ठेवून एम-३ × ६ मिमीचे स्क्रू. १५ मिमीच्या खांबात खालचे ८ आणि वरचे साडेचार मिमी एकमेकांना न भिडता मावतात. खाली २५ मिमीचा स्क्रू घातलात तर वरचा अर्ध्यावर अडतो, आणि माणूस तो जोराने पिळत बसतो. जुन्या कॅबिनेटमधले स्क्रू इथे चालवू नका. ते बहुधा ६-३२ आट्याचे, जाडसर असतात आणि एम-३ खांबाचा आटा खाऊन टाकतात.

वरचे स्क्रू अंगठा आणि दोन बोटांच्या जोराने आवळा, मनगटाच्या नाही. सीपीयू कूलरची मागची पट्टी, असेल तर, बोर्ड फळीवर चढवण्याआधीच लावलेली असू द्या. नंतर हात शिरत नाही.

ज्या जागी बोर्डाला भोक नाही तिथे खांब नको, तो थेट शॉर्ट करतो. उलट बाजूचीही एक अडचण आहे. स्वस्तातले मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ मिमीपेक्षा अरुंद असतात आणि रॅमकडच्या कडेला त्यांना भोकंच नसतात. ती कड अधांतरी राहते. २४ पिनांची केबल दाबताना किंवा रॅम बसवताना बोर्ड तिथे खाली वाकतो, आणि अशा वाकण्यातूनच सोल्डरला न दिसणाऱ्या चिरा जातात. उपाय दोन रुपयांचा: शाळेतला खोडरबर १५ मिमी उंचीचा कापून त्या कडेखाली फळीला चिकटवा.

ग्राफिक कार्ड

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ग्राफिक कार्डाची मागची पत्र्याची पट्टी बोर्डाच्या पातळीपेक्षा खाली उतरते. कॅबिनेटमध्ये तिला खाच असते. फळीवर बोर्ड मधोमध बसवला तर पट्टीचं टोक लाकडाला टेकतं, कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसत नाही आणि मागचा भाग केसभर वर उचललेला राहतो. चालू होतं, दोन दिवस चालतं, मग गेम खेळताना स्क्रीन जाते. दोष कार्डाचा वाटतो. म्हणून पोर्टांची कड फळीच्या कडेच्या दोन-तीन मिमी बाहेर ठेवा, म्हणजे पट्टी मोकळी खाली लटकेल. कागदावर ठिपके काढायच्या आधीच हे ठरवायचं असतं.

बोर्ड आडवा असल्यामुळे कार्ड उभं राहतं आणि त्याचं वजन सरळ स्लॉटमध्ये उतरतं. कॅबिनेटमध्ये कार्ड लोंबकळतं, इथे तो प्रश्न नाही. इथे ते कलंडतं. एचडीएमआयची जाड केबल टेबलामागे ओढली गेली की दीड किलोचं कार्ड स्लॉट घेऊन आडवं होतं. फळीच्या मागच्या कडेला लोखंडी एल-पट्टी उभी करून कार्डाच्या पट्टीचं वरचं टोक तिला स्क्रूने जखडा, आणि मॉनिटरची केबल फळीलाच टायने बांधून टाका. केबल खेचली गेली तर फळी सरकेल, कार्ड नाही.

लांब केबलने (रायझर) कार्ड बाजूला उभं करण्याची टूम आहे. रायझर पीसीआय-एक्सप्रेसच्या (कार्डाच्या स्लॉटची जोडणी) जुन्या, तिसऱ्या पिढीचा आणि कार्ड चौथ्या पिढीचं असेल तर मध्येच अडखळतं किंवा स्क्रीनच येत नाही. बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) स्लॉटचा वेग ‘जेन ३’ वर बांधला की बहुधा गाडी रुळावर येते. जागेची अडचण नसेल तर रायझरच्या वाटेला जाऊ नये.

एसएमपीएस आणि अर्थिंग

एसएमपीएस १५० × ८६ मिमी तोंडाचा असतो, खोली १४० किंवा जास्त. पंख्याची जाळी खाली टेबलाकडे ठेवली तर श्वास कोंडतो. वर ठेवली तर हातातून निसटलेला स्क्रू नेमका त्या जाळीतून आत जातो. म्हणून कुशीवर उभा करा, जाळी फळीच्या बाहेरच्या बाजूला, भिंतीपासून निदान चार बोटं लांब. फळीत दोन फटी कापून नायलॉनच्या पट्ट्याने बांधा. त्याच्या अंगात स्क्रू मारायचे नाहीत, कधीच नाहीत. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात.

उघड्या सेटमध्ये हात सतत धातूला लागतो: यूएसबीचं तोंड, कार्डाची पट्टी, एसएमपीएसचा पत्रा. तिथे झिणझिण्या येत असतील तर ‘थोडं करंट मारतं’ म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कॅपॅसिटर पत्र्यावर अर्धा दाब, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट आणतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्यातून. मल्टिमीटर एसी ७५० वर ठेवून सॉकेट तपासा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. फेज-अर्थ आकडा खूप कमी किंवा भरकटणारा असेल तर अर्थिंग तुटलेलं आहे. आधी इलेक्ट्रिशियन, मग कॉम्प्युटर. दोन पिनांचा ॲडॅप्टर लावून काम भागवणं हा यावरचा इलाज नव्हे.

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही, हे खरं. पण ५०० वॉटचा एसएमपीएस त्या १२ व्होल्टवर चाळीसेक अँपिअर देऊ शकतो. अंगठी, बांगडी किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा दोन टोकांमध्ये अडकला तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लाल होतो. चालू बोर्डवर हात घालताना ते काढून ठेवा. मुळात चालू असताना हात घालूच नका: एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, पॉवरचं बटण एकदा दाबा, बोर्डावरचा बारीक दिवा विझेपर्यंत थांबा आणि मग रॅम काढा. कॉम्प्युटर ‘शटडाऊन’ केला तरी बोर्डावर ५ व्होल्ट उभेच असतात. तो दिवा त्याचाच.

बटण

बोर्डाच्या कडेला पुढच्या पॅनेलच्या पिनांचा गठ्ठा असतो: एका ओळीत पाच, दुसरीत चार, पाचवीची जागा रिकामी. बहुतेक बोर्डांवर चारच्या ओळीतल्या, रिकाम्या जागेला लागून असलेल्या दोन पिना पॉवरच्या. मॅन्युअलमध्ये एकदा खात्री करून घ्या. त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या की कॉम्प्युटर सुरू. पाचच्या ओळीतली, रिकाम्या जागेसमोरची पिन सोडून द्या. काही बोर्डांवर तिथे ५ व्होल्ट असतात.

रोज स्क्रूड्रायव्हर खुपसणं बरं नाही. दाराच्या घंटीचं बटण आणा. ते दाबेपर्यंतच जोडतं आणि सोडलं की तुटतं, अगदी हेच हवं. त्याच्या दोन स्क्रूंना दोन बारीक वायर, दुसऱ्या टोकाला पिनांवर बसणारे मादी कनेक्टर. उलटसुलट लावलं तरी फरक पडत नाही. दिव्याचं, दाबलं की दाबलेलंच राहणारं बटण चालणार नाही: पॉवर चार सेकंद दाबून धरल्यासारखं होतं आणि सुरू झालेला कॉम्प्युटर लगेच बंद पडतो.

हवा

उघडं आहे म्हणजे थंड राहणारच, हे अर्धसत्य. सीपीयू आणि ग्राफिक कार्डाला ताजी हवा मिळते, ती दोघं खुश असतात. उपाशी राहतात ते सीपीयूशेजारचे वीज-नियंत्रक भाग, ज्यांना व्हीआरएम म्हणतात. कॅबिनेटमधून सतत खेचल्या जाणाऱ्या वाऱ्यावर ते जगत असतात. सीपीयूसोबत येणारा, खाली फुंकणारा साधा पंखा त्यांनाही थोडं वारं देतो. उभा टॉवर कूलर किंवा पाण्याचा कूलर लावला असेल तर मात्र १२० मिमीचा एक पंखा एल-पट्टीवर तिरका उभा करून त्यांच्यावर रोखा. हळू फिरला तरी पुरे. तो ‘सिस्टिम फॅन’च्या पिनांवर लावा आणि त्याला जाळी बसवा.

अर्धा तास पूर्ण भार देऊन ‘एचडब्ल्यूइन्फो’ या सॉफ्टवेअरमध्ये तापमान पाहा. नवे रायझन साधारण ९५ आणि इंटेल १००-१०५ अंशांना पोचले की स्वतःचा वेग कापतात. छताचा पंखा यात फार मदत करत नाही, धूळ तेवढी आणतो.

चालू झाला नाही तर

काहीच हललं नाही: एसएमपीएसमागचं बटण, २४ पिनांची केबल (‘टक’ आवाज आला होता का?), आणि बरोबर पिना, या क्रमाने बघा. पंखे एकदा फिरून थांबले: शॉर्ट समजा. प्लग काढा, बोर्ड उचला, खाली पडलेला स्क्रू शोधा. नव्वद टक्के वेळा सापडतो. पंखे फिरतात पण स्क्रीन नाही: रॅम काढून पुन्हा दाबा, दोन्ही टोकांना. रॅम नव्या डीडीआर-५ प्रकारची असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं नुसतं थांबा. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो, आणि याच वेळी घाबरून वीज बंद करणारे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून घेतात. तरीही नाही, तर प्लग काढून ३ व्होल्टची गोल सीआर-२०३२ बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बायॉसच्या सेटिंग्ज पुसल्या जातील.

यूएसबी लावताच रीस्टार्ट होत असेल तर अर्थिंगकडे परत जा. वाय-फाय किंवा वायरलेस माऊस अडखळत असेल तर कारण हे: यूएसबी ३ ची उपकरणं २.४ गीगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यात व्यत्यय आणतात, आणि आता मध्ये पत्रा नाही; माऊसचा डोंगल लांब केबलवर बाजूला न्या.

धूळ, पाली आणि पावसाळा

कॅबिनेटमध्ये सहा महिन्यांनी होणारी सफाई इथे पंधरा दिवसांनी येते. एक इंची, खऱ्या केसांचा रंगाचा ब्रश आणि ब्लोअर पुरे. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर पंखा भिरभिरून उलट वीज तयार करतो आणि बेअरिंगही खराब होतं.

पाल उबेला येते. व्हीआरएमच्या आसपास तिला आवडतं, आणि ओली पाल दोन टोकांवर पडली की बोर्ड गेला, पालही गेली. फळीच्या चार कोपऱ्यांना उभ्या काड्या लावून त्यावर डासांच्या नायलॉन जाळीचा सैल तंबू केला तर हवा अडत नाही आणि पाल-झुरळ आत येत नाही. लोखंडी जाळी नको. मुंग्यांचा खडू टेबलाच्या पायांभोवती ओढा, फळीवर नको. त्याची भुकटी पंखे आत ओढतात.

कोकणात आणि मुंबईत खाऱ्या, दमट हवेत चालू कॉम्प्युटर स्वतःच्या उबेने कोरडा राहतो, बंद ठेवलेला गंजतो. पावसात रोज अर्धा तास तरी चालवा. गणपतीला दहा दिवस गावी जाणार असाल तर प्लग काढून वर कोरडी सुती चादर टाका. प्लास्टिक नको, आत पाणी धरतं. परत आल्यावर चादर काढा, एकदा ब्रश फिरवा, टॉर्च मारून बोर्डखाली आणि कार्डाच्या मागे पालीची अंडी आहेत का बघा, खोलीचा पंखा तासभर चालू ठेवा. मग प्लग लावा.